पॉवरबोट शर्यत: पाणी कसं निवडतात, जीव कसा वाचवतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी रायगड जिल्ह्यातला, खाडीकाठचा. सागरी जलतरण स्पर्धांमध्ये बचाव बोटीवर असतो आणि पॉवरबोट शर्यतींचं वेड शाळेपासूनचं आहे. ओळखीचे लोक, पोरांचे पालक, आमच्याकडचे मच्छीमार या खेळाबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. माझं एक ठाम मत सगळ्या उत्तरांत दिसेल, म्हणून ते आधीच सांगतो. या खेळातला निम्मा धोका बोट पाण्यात उतरण्याआधीच, जागा ठरवताना ठरून जातो.

पॉवरबोट शर्यत म्हणजे एकच प्रकार असतो का?

नाही. ढोबळमानाने तीन घराणी धरा. पहिलं बंदिस्त पाण्यातलं, म्हणजे नदी, तलाव किंवा बंदराच्या आत बोया, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकून आखलेल्या मार्गावरचं. एफ-1-एच-2-ओ ही 1981 पासूनची जागतिक मालिका यातली. तिच्या बोटी साधारण 6 मीटर लांब, दोन पोटांच्या आणि मधे बोगदा असलेल्या, वेग ताशी 220 किलोमीटरच्या पुढे. दुसरं खुल्या समुद्रातलं. तिथे बोटी मोठ्या असतात आणि बहुधा दोन माणसं बसतात, एक सुकाणूवर आणि एक वेगावर. तिसरं अमेरिकेतल्या अनलिमिटेड हायड्रोप्लेनचं, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून पळणाऱ्या बोटींचं. तिथला गोल्ड कप 1904 पासूनचा आहे.

या खेळाची जागतिक संघटना, यू. आय. एम., 1922 मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय मोनॅकोत आहे. बोटीची मोजमापं, चालकाचे परवाने, बचावाची व्यवस्था या सगळ्याचे नियम तिथून येतात.

पाणी तर मऊ असतं. मग पडल्यावर माणूस मरतो कसा?

विहिरीत उंचावरून पोटावर उडी मारलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. हळू गेलात तर ते बाजूला सरकून वाट देतं. ताशी 200 किलोमीटरने आदळलात तर त्याला सरकायला वेळच मिळत नाही. त्या वेगाला बोट सेकंदाला 55 मीटर जाते. जुन्या उघड्या बोटींतून फेकले गेलेले बरेच चालक पाण्यावर आदळूनच गेले, बुडण्याची वेळ आलीच नाही.

बोट विमानासारखी हवेत उलटते, ते का?

कारण ती अर्धीअधिक उडतच असते. पूर्ण वेगात बोगद्याच्या बोटीचा पंखा (प्रोपेलर) आणि मागचा थोडासा भाग एवढंच पाण्याला टेकलेलं असतं. बाकीचं वजन पोटाखाली दाबली गेलेली हवा उचलून धरते. समोरून वाऱ्याचा झोत आला किंवा नाक एखाद्या लाटेवर चढलं, की पोटाखाली जास्त हवा शिरते. नाक आणखी वर जातं, त्यामुळे आणखी हवा शिरते, आणि बोट मागच्या मागे पालथी होते. याला चालक ब्लोओव्हर म्हणतात. उलटा प्रकारही आहे: नाक लाटेत घुसतं आणि बोट एका क्षणात थांबते, माणूस मात्र थांबत नाही.

दोन्हीच्या मुळाशी वारा आणि लाट आहे. म्हणून जागेचा प्रश्न इतका महत्त्वाचा.

जागा निवडताना सगळ्यात आधी काय पाहतात?

बाहेरच्या माणसाला वाटतं की मोठं, मोकळं, खोल पाणी मिळालं म्हणजे झालं. खरा प्रश्न असा असतो: बोटीने उठवलेली लाट जाते कुठे, आणि किती वेळाने मरते?

काठ उतरता, वाळूचा किंवा वेताचा असेल तर लाट तिथे चढते आणि संपते. काठाला उभी दगडी भिंत असेल तर लाट आपटून परत येते, समोरून येणाऱ्या लाटेला छेदते, आणि पाच-सात फेऱ्यांत सगळा मार्ग खडबडीत होतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जुन्या गोदीत 1972 ते 1990 शर्यती झाल्या. शहराच्या मधोमध अरुंद पाणी, दोन्ही बाजूंना दगडी धक्के, त्यावर हजारो माणसं. दूरदर्शनला याहून सुंदर चित्र मिळालं नसतं. पण वळण चुकलं की पुढे भिंतच होती आणि लाटेला जायला वाट नव्हती. तिथे अनेक चालकांचे जीव गेले आणि शेवटी शर्यत बंद झाली. चालक शूर होते, आयोजकही हौशी होते, पण ते पाणी या खेळाचं नव्हतंच.

आपल्याच लाटेचा धोका किती मोठा असतो हे वेगाच्या विक्रमांच्या इतिहासात ढळढळीत दिसतं. 29 सप्टेंबर 1952 ला जॉन कॉब स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये जेट बोट घेऊन ताशी 200 मैलांच्या पुढे गेला. त्याच्या सोबतच्या मदतनीस बोटीने उठवलेली लाट वाटेत आली आणि बोट फुटली, असं अनेक जाणकार मानत आले.

आणि ब्रिटिश विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल. त्याचा तर जागा निवडण्यातला हातखंडा होता. 1964 मध्ये तो ऑस्ट्रेलियात आला, लेक बॉनीवर मनासारखं पाणी मिळेना म्हणून सगळं बिऱ्हाड उचलून पश्चिमेकडच्या लेक डम्बलयुंगला गेला, तिथे वारा पडेपर्यंत ताटकळत बसला आणि वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, ताशी 276.33 मैलांचा विक्रम करून उठला. तोच माणूस 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडच्या कोनिस्टन तळ्यावर पहिली धाव ताशी 297 मैलांच्या आसपास संपवून, पाणी निवायची वाट न बघता लगेच परत फिरला. बोटीचं नाक उचललं, ती उलटली आणि कॅम्पबेल गेला. अपघाताच्या कारणांवर आजही वाद आहेत, इंजिनाचाही संशय घेतला जातो. पण पहिल्या धावेची लाट पाण्यावर अजून होती, हे खरं. त्याचा देह सापडला तो 2001 मध्ये.

मी जेव्हा जेव्हा नवा मार्ग बघतो तेव्हा काठावर उभा राहून एक बोट जोरात जाऊ देतो आणि घड्याळ लावतो. पाणी पुन्हा सपाट व्हायला किती वेळ लागला, हा आकडा मला खोलीच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

तरंगता कचरा, ओंडके यांचा एवढा बाऊ का करतात?

13 जून 1930 ला सर हेन्री सेग्रेव्ह इंग्लंडमधल्या विंडरमियर तळ्यावर मिस इंग्लंड-2 ही बोट चालवत होता. ताशी 98.76 मैलांचा विक्रम त्याने केला, आणि त्याच दिवशी पुढच्या धावेत बोट बहुधा पाण्यातल्या ओंडक्यावर आदळली. विक्रम केल्याचं त्याला कळलं, पण त्याच दिवशी तो गेला. त्याच्या सोबतचा एक तंत्रज्ञही गेला.

माझी स्वतःची गोष्ट फारच लहान आहे, पण शिकवून गेली. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर चौथ्या दिवशी मी खाडीच्या मुखाशी छोटी फायबरची बोट घेऊन गेलो होतो. डोंगरातून आलेलं तांबडं पाणी, त्यावर पालापाचोळा, सुकी झाप, प्लास्टिक. नारळाचं अर्धं बुडालेलं खोड मला दिसलंच नाही. वेग फार नव्हता. तरी बोट उसळली आणि मी बाहेर. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधली नव्हती, ती पुढच्या हुकाला छान गुंडाळून ठेवलेली होती. बिनमाणसाची बोट एका बाजूला वळून माझ्याभोवती गोल फिरायला लागली, दर फेरीला थोडी जवळ. पंख्याचा आवाज पाण्याखालून जसा कानात येतो तसा कधी ऐकला नव्हता. एका जाळीवाल्याने त्याची होडी मधे घातली म्हणून निभावलं. ती दोरी तेव्हापासून बोट सुरू करण्याआधी बांधतो, आणि माझ्या बोटीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ती बांधलेली दाखवतो.

शर्यतीच्या पाण्यात या कामासाठी पहाटे वेगळ्या बोटी फिरतात. हातात लांब दांड्याची जाळी, एकजण पुढे ओणवा, दुसरा वल्ह्यावर. नारळ, चपला, थर्माकोल, बाटल्या, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे. पंख्याला जाळी गुंडाळली गेली तर ऐन वळणावर बोट हातातून जाते. भरतीच्या पाण्यात हे काम एकदा करून भागत नाही, कारण पुढच्या भरतीला कचरा पुन्हा येतो.

नदी-तलावात याच जागी जलपर्णी असते. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांना तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

शर्यतीसाठी जहाजांची वाहतूक खरंच थांबवावी लागते?

पूर्ण. आणि नुसती मार्गावरची नाही, मार्गापर्यंत लाट पोचेल एवढ्या अंतरावरचीसुद्धा. मोटार शर्यतीतल्या फॉर्म्युला वनचा चालक दिदिये पिरोनी पायाच्या मोठ्या दुखापतीनंतर बोटींकडे वळला होता. 23 ऑगस्ट 1987 ला आईल ऑफ वाइटजवळ त्याची बोट एका तेलवाहू जहाजाने मागे सोडलेल्या लाटेवर चढली आणि उलटली. पिरोनी आणि त्याचे दोन सहकारी, तिघेही गेले. जहाजाशी टक्कर झालीच नाही.

आपल्याकडे 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात जे घडलं ती शर्यत नव्हती. पण गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जण गेले. वेगवान बोट आणि प्रवासी वाहतूक एका पाण्यात एकाच वेळी असू नये, हे सांगायला मला दुसरं उदाहरण द्यावं लागत नाही. इंजिन बिघडतं, सुकाणू अडकतं, हे धरूनच जागा निवडायची असते.

मग समुद्र बरा, नदी बरी की धरण?

बोट कुठली यावर आहे. बोगद्याची सपाट बोट समुद्राच्या चढउतारावर नेली तर ती पहिल्याच फेरीत उडेल. खोल पोटाची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी बोट समुद्र कापत जाते, पण तिला शांत तळ्यात बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

निखळ वेगासाठी धरणाचं पाणी सगळ्यात सरस ठरलं आहे. केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियन माणसाने सिडनीतल्या घराच्या अंगणात बांधलेली स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया 8 ऑक्टोबर 1978 ला न्यू साउथ वेल्समधल्या ब्लोअरिंग धरणावर नेली आणि ताशी 511 किलोमीटर गाठले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तो मोडण्याच्या प्रयत्नांत दोन माणसांचे जीवही गेले आहेत.

नदीचं उत्तम उदाहरण आपल्याच कृष्णेचं. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी विजयवाड्याला प्रकाशम बंधाऱ्याने अडवली आहे. त्या बंधाऱ्यावरच्या फुगवट्यात नोव्हेंबर 2018 मध्ये एफ-1-एच-2-ओची शर्यत झाली. पावसाळा नुकताच संपलेला, म्हणजे पाणी भरपूर. बंधाऱ्यामुळे प्रवाह मंद. पात्र रुंद, काठावर घाट, प्रेक्षकांना बसायला जागा, आणि मोठं शहर, म्हणजे मोठी रुग्णालयं हाताशी. ही निवड कागदावर पाहिली तरी मनाला पटते.

मुंबईतही शर्यत झाली होती ना? तिथलं पाणी चांगलं आहे का?

झाली होती. 2004 मध्ये एफ-1-एच-2-ओ मुंबईत आली. मग मार्च 2016 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-1 पॉवरबोटची शर्यत झाली. दुसऱ्या वेळी मी कठड्यावर होतो. दोन माणसांच्या, 28 फुटी, सगळ्या एकसारख्या बोटी, एका पोटाच्या. समुद्रासाठी योग्य निवड. लांबून त्या सरळ रेषेत पळताना दिसायच्या, पण दुर्बीण लावली की कळायचं, दर दोन-तीन सेकंदांनी अख्खी बोट पाण्याबाहेर येते आणि आपटते. आपटल्याचा आवाज कठड्यापर्यंत उशिरा पोचायचा, तोवर बोट पुढच्या लाटेवर गेलेली असायची. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई प्रत्येक आपटीला डोळे मिटत होत्या.

तिथल्या पाण्याबद्दल मोकळेपणाने सांगतो. मार्च महिना बरोबर. पावसाळी उधाणाचा प्रश्न नाही, हवा स्वच्छ. पण उपसागर पश्चिमेला सताड उघडा आहे. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो तोवर किनाऱ्यालगतचं पाणी बऱ्यापैकी सपाट असतं. दुपार झाली की खारा वारा धरतो आणि पाण्यावर बारीक, उभी, त्रास देणारी लाट उठते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे सकाळी ज्या खडकावर भरपूर पाणी होतं तो दुपारी वर डोकावू शकतो, आणि बोयांच्या दोऱ्या ढिल्या पडून बोया जागा सोडतात. माझं मत विचाराल तर अशा किनाऱ्यावर शर्यत अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या भांगाच्या भरतीत ठेवावी आणि दुपारी एकच्या आत संपवावी. आमच्याकडचा कुठलाही नाखवा हेच सांगेल. अडचण अशी की संध्याकाळी गर्दी जास्त येते, आणि प्रक्षेपणाची वेळ पाण्याकडे बघून ठरत नाही.

काठावरचे टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चौपायी ठोकळे, लाट फोडतात, तेवढा फायदा आहेच. पण वाहवत गेलेल्या बोटीला किंवा माणसाला तिथे काठाला लागता येत नाही. म्हणून बचाव बोटी मार्ग आणि टेट्रापॉड यांच्या मधेही असल्याच पाहिजेत.

कोयना, उजनी, गंगापूर अशा धरणांत शर्यत घेता येईल का?

पाण्याच्या दृष्टीने काही जागा मोहात पाडणाऱ्या आहेत. पण चार गोष्टी आधी बघा.

धरणाच्या पाण्याखाली बुडालेली गावं, झाडांचे बुंधे, देवळांचे कळस. दसऱ्याला ज्यावर दहा मीटर पाणी असतं ते मार्चमध्ये एक मीटरवर येतं. उजनीत पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहायला लोक जातात. शर्यतीच्या चालकाला तेच दृश्य वेगळं दिसतं. म्हणजे मार्गाची तळपाहणी शर्यतीच्या आठवड्यातल्या पातळीवर व्हायला हवी, आदल्या वर्षीची चालत नाही.

दुसरी गोष्ट वारा. उजनीचा विस्तार मोठा आणि उघडा. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटून 6 जण बुडाले. वळवाच्या दिवसांत त्या पाण्यावर वेगाचा खेळ नकोच.

तिसरी, पक्षी. उजनीवर हिवाळ्यात रोहित येतात. शर्यतीला सर्वात सोयीचे महिने आणि पक्ष्यांचे महिने तेच. इथे मी पक्ष्यांच्या बाजूने आहे. चौथी, पिण्याचं पाणी. पेट्रोल आणि तेल घेऊन धावणाऱ्या बोटी शहराच्या पाणीपुरवठ्यात घालायच्या की नाही, हा प्रश्न जलसंपदा विभागाने विचारला तर तो अडवणूक म्हणून घेऊ नये.

चालकाला आज सगळ्यात जास्त वाचवतं ते काय?

त्याच्याभोवतीचं कवच. आणि ते फार किंमत मोजून आलं आहे.

19 जून 1966 ला वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर एकाच दिवसात रॉन मसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन हे तीन हायड्रोप्लेन चालक गेले. 1981 च्या ऑक्टोबरमध्ये अकापुल्कोला बिल मन्सी बोट मागे उलटून गेला, आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कोलंबिया नदीवर डीन चेनोवेथ. दोघेही आपल्या काळातले सर्वश्रेष्ठ. त्यानंतर त्या बोटींवर एफ-16 लढाऊ विमानाची काचेची छत्री बसवायला सुरुवात झाली, आणि आज त्याशिवाय बोट पाण्यात उतरत नाही.

युरोपात 1984 चा हंगाम असाच काळा होता. त्या सुमारास ब्रिटिश रचनाकार ख्रिस हॉजेस याने चालकाला बोटीच्या सांगाड्यापासून वेगळ्या, मजबूत कक्षात पट्ट्यांनी बांधून बसवण्याची कल्पना आणली. बोटीचे तुकडे झाले तरी कक्ष अखंड राहावा, ही त्यामागची दृष्टी. तोवर चालकांचा समज होता की फेकलं गेलेलं बरं, अडकलेलं वाईट. हा समज मोडायला वेळ लागला. 3 ऑक्टोबर 1990 ला मोनॅकोजवळ खुल्या समुद्रातल्या जागतिक स्पर्धेत राजकन्या कॅरोलिनचे पती स्तेफानो कासिरागी उघड्या बोटीत गेले. त्यानंतर खुल्या समुद्रातही बंद कक्ष आणि पट्टे यांचा आग्रह धरला गेला.

त्याखेरीज मान झटक्यापासून वाचवणारा आधार, आणि एफ-1-एच-2-ओमध्ये बोट उलटली की कक्ष तरंगता ठेवण्यासाठी फुगणारी पिशवी असते.

पण उलटलेल्या बंद कक्षात माणूस बुडणार नाही का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. आदळण्याचा धोका कमी झाला तसा बुडण्याचा धोका पुढे आला. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टला एकाच आठवड्यातल्या शर्यतींत तिघे गेले, तेव्हा बंद कक्षाच्या बोटींकडे आणि बचावाच्या वेगाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

उपाय तीन. कक्षात हवेची नळकांडी आणि तोंडावर मास्क. हायड्रोप्लेनच्या तळाला आणीबाणीचं झाकण, म्हणजे उलटल्यावर ते वर येतं. आणि उलट्या कक्षातून बाहेर येण्याची चाचणी. ती दिल्याशिवाय चालकाला उतरू देत नाहीत.

ती चाचणी मी एकदा पोहण्याच्या तलावात केली आहे. खुर्चीला पाच ठिकाणी बांधतात, डोक्यावर हेल्मेट, पुढे स्टिअरिंग. मग सगळा सांगाडा उलटा करतात. पहिल्या क्षणी नाकात पाणी वरच्या दिशेने शिरतं, आणि वर म्हणजे कुठे हेच मेंदूला कळेनासं होतं. हात आपोआप पट्ट्याकडे धावतात. तेच करायचं नसतं. पट्टा आधी सोडला तर माणूस कक्षात तरंगू लागतो आणि दार कुठल्या बाजूला ते हरवतं. एक हात कक्षाच्या कडेवर घट्ट. दुसऱ्या हाताने स्टिअरिंग काढायचं, हालचाल थांबली की मग पट्टा, आणि कडेवरच्या हाताच्या ओढीने बाहेर. पहिल्या वेळी मी पट्टा आधी सोडला आणि सोबतच्या पाणबुड्याने मला ओढून काढलं. तिसऱ्या वेळी जमलं. मुंबई हायवर हेलिकॉप्टरने कामाला जाणाऱ्यांना असंच प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल.

बचाव पथक किती वेळात पोचायला हवं?

श्वास रोखून धरता येतो तेवढ्या वेळात. म्हणून पथक धक्क्यावर बसलेलं नसतं, ते बोयांजवळ इंजिन चालू ठेवून थांबलेलं असतं, आणि पाणबुडे सूट घालून तयार असतात. खुल्या समुद्रात मार्ग लांब असतो, तिथे हेलिकॉप्टरमधून पाणबुडे थेट उडी मारतात. लाल बावटा पडला की बाकीच्या बोटींनी थांबायचं, नाहीतर त्यांचीच लाट बचावाच्या आड येते.

इथे पुन्हा जागा आडवी येते. पाणी कितीही सुंदर असू दे, मणक्याची दुखापत हाताळणारं रुग्णालय दोन तासांवर असेल आणि रस्ता घाटाचा असेल, तर ती जागा मी नाकारतो. काठावर रुग्णवाहिका उभी करून फोटो काढता येतो. पण तिला बाहेर पडायला प्रेक्षकांच्या गाड्यांतून मोकळी वाट आहे का, हे मी स्वतः चालून बघतो.

प्रेक्षकांनी कुठे उभं राहावं?

सरळ पट्ट्याच्या बाजूला, वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही नाही. सुटलेली बोट वळणातून बाहेरच जाते. सिएटलमध्ये 1951 पासून वॉशिंग्टन तळ्यावर शर्यती होतात. तिथे लाकडाचे मोठे ओंडके साखळीने जोडून पाण्यात रेघ आखतात, प्रेक्षकांच्या बोटी त्याला बांधतात. हद्दही दिसते आणि लाटही थोडी मरते.

कोळी बांधवांचं काय? त्यांना चार दिवस घरी बसवायचं?

त्यांना शेवटी कळवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. डोलीच्या जाळ्यांचे खांब कुठे रोवलेत, कुठे खडक आहे, कुठल्या वाऱ्याला कुठे पाणी उभं राहतं, हे नकाशावर नसतं. ते त्यांना माहीत असतं. मार्ग आखतानाच मच्छीमार सोसायटीला बोलवावं, बुडालेल्या दिवसांची भरपाई आधी ठरवावी आणि बचावाच्या कामात त्यांच्या होड्या पैसे देऊन घ्याव्यात. मेरीटाइम बोर्ड, तटरक्षक दल, नौदल, पोलीस यांच्या परवानग्या लागतातच, पण मला पाण्यातून ओढून काढलं ते एका जाळीवाल्याने.

विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटी जास्त सुरक्षित आहेत का?

ई-1 ही विजेवरच्या बोटींची मालिका 2024 मध्ये जेद्दाहून सुरू झाली. विराट कोहलीचा त्यात संघ आहे, त्यामुळे आपल्याकडे तिचं नाव पोचलं. या बोटी पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात, वेग ताशी 90 किलोमीटरच्या घरात. लाट कमी उठते, आवाज कमी, तेल सांडत नाही, म्हणून शहरातल्या अरुंद पाण्यात त्यांना परवानगी मिळणं सोपं जातं. तरी पंखात प्लास्टिकची पिशवी अडकली की बोट खाली बसतेच. आणि मोठ्या बॅटरीच्या बोटीजवळ जाणाऱ्या पाणबुड्याला विजेचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

ऐनवेळी शर्यत रद्द करायचा अधिकार कोणाचा?

शर्यत संचालकाचा, आणि तो एकट्याचा असावा. प्रायोजक, वाहिनी, पालकमंत्री यांपैकी कोणी त्याच्या खोलीत नसावं. वाऱ्याची आणि लाटेची मर्यादा आदल्या दिवशी आकड्यात लिहून सगळ्या संघांच्या सह्या घ्याव्यात. मग दुसऱ्या दिवशी वाद होत नाही, मोजायचं आणि सांगायचं.

माझ्या मुलीला हा खेळ शिकायचा आहे. सुरुवात कुठून करू?

पोहण्यापासून. तलावातलं पोहणं आलं की खाडीतलं, मग समुद्रातलं. त्यानंतर शिडाची होडी, कारण वारा कळतो तो शिडावर. मग लहान इंजिनाची बोट, जाकीट घालून आणि दोरी बांधून. युरोपात फॉर्म्युला फ्यूचर नावाचा लहान मुलांचा प्रकार आहे, त्यात सगळा भर बोयांभोवती बोट अचूक वळवण्यावर असतो. तोच सराव आपल्या कुठल्याही शांत पाण्यात सहा रिकामे कॅन टाकून करता येतो. तिला कॅन टाकायची जागा तिची तिलाच निवडू द्या, आणि तीच का निवडली ते विचारा.